नंबर लागला का?

एक शब्दप्रयोग आपल्या बोलण्यातून हळूहळू नाहीसा झाला. 'स्कूटरचा नंबर लागला.' आज तिशीतल्या कुणाला विचारलं तर त्याला नंबर म्हणजे आरटीओचा नंबर वाटेल. पण साठ ते ऐंशीच्या दशकात नोकरीला लागलेल्या माणसाला विचारून बघा. गॅसचा नंबर, टेलिफोनचा नंबर आणि स्कूटरचा नंबर, या तीन गोष्टी त्याच्या संसारात होत्या आणि तिन्हींत पैसे खिशात असूनही उपयोग नव्हता.

हे आठवायचं कारण असं की गेले काही महिने दुचाकीच्या शोरूमबद्दल तक्रारी सारख्या कानावर येतायत. हँडलिंग चार्जेस लावले, इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या म्हणाले, सर्व्हिसिंगला टाकलेली गाडी नुसती धुऊन दिली, इलेक्ट्रिक स्कूटर दीड महिना वर्कशॉपमध्ये पडून आहे. आणि प्रत्येक तक्रारीखाली ठरलेली प्रतिक्रिया, 'आपल्याकडे ग्राहकाशी नीट वागायची संस्कृतीच नाही हो.'

मला हे पटत नाही. पुण्यातल्या दुकानदारांवरचे विनोद क्षणभर बाजूला ठेवा. साडीच्या दुकानात तीस साड्या उलगडून बघून एकही न घेता उठणाऱ्या बाईला तोच आपला समाज चहा विचारतो. सोनार पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक नावानिशी ओळखतो. मग तोच माणूस गाडीच्या काउंटरमागे बसला की असा का वागतो? याचं उत्तर स्वभावात शोधून सापडत नाही. त्या काउंटरला स्वतःचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा भाग सरकारी राजपत्रात छापलेला आहे.

१९६० साली केंद्र सरकारने स्कूटरच्या वितरण आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. उद्योग विकास व नियमन कायदा, १९५१ याखालचा. मोटारींसाठी असाच आदेश आदल्या वर्षी, १९५९ साली आला होता. स्कूटर हवी असेल तर काय करायचं? पोस्टात बचत खातं उघडायचं, त्यात २५० रुपये ठेवायचे आणि ते पासबुक डीलरकडे तारण द्यायचं. मग डीलर तुमचं नाव रजिस्टरमध्ये लिहिणार. गाडी आली की त्या क्रमाने वाटप. काही कोटा सरकारी नोकरांसाठी वगैरे राखीव. मिळालेली गाडी ठरावीक काळ विकायची नाही.

ही व्यवस्था पुन्हा एकदा वाचा. तुमचे पैसे अडकलेले, तुमचं पासबुक दुसऱ्याच्या कपाटात, गाडी कधी येणार ते कुणालाच माहीत नाही आणि यादी डीलरच्या हातात. याला विक्री म्हणायचं फक्त कागदावर. प्रत्यक्षात हे रेशन होतं. लोकही दुकानाला दुकान म्हणत नसत, 'एजन्सी' म्हणत. 'बजाजची एजन्सी', 'लॅम्ब्रेटाची एजन्सी'. रेशनच्या दुकानदाराकडून जेवढ्या अदबीची अपेक्षा आपण ठेवतो तेवढीच एजन्सीवाल्याकडून ठेवायची, हे सगळ्यांना आपोआप कळलेलं होतं.

टंचाई किती होती? बजाज ऑटोची एक लाखावी गाडी बाहेर पडली १९७० साली. कंपनीला उत्पादनाचा परवाना १९५९ चा. म्हणजे दहा वर्षांची सगळी मेहनत मिळून एक लाख, तीही तीनचाकी धरून, आणि देश केवढा! पियाजिओशी असलेला वेस्पाचा करार १९७१ मध्ये संपला, १९७२ मध्ये 'चेतक' आली आणि यादी आणखी लांबली. चेतकची प्रतीक्षा एका टप्प्यावर दहा वर्षांपर्यंत गेली होती.

आता कुणी म्हणेल, मागणी एवढी होती तर कारखाना का नाही वाढवला? वाढवू देत नव्हते म्हणून. परवान्यात लिहिलेल्या क्षमतेपेक्षा जास्त माल काढणं हा त्या काळी पराक्रम नव्हता, गुन्हा होता. त्यात १९६९ चा एमआरटीपी कायदा आला, म्हणजे मक्तेदारीला आळा घालणारा. मोठ्या उद्योगसमूहाला विस्तार करायचा तर दिल्लीची वेगळी मंजुरी. मक्तेदारी रोखायची म्हणून उत्पादन रोखलं आणि उत्पादन रोखल्यामुळे जो आधीच बाजारात होता त्याची मक्तेदारी पक्की झाली. राहुल बजाज या परवानाराजवर आयुष्यभर जाहीरपणे टीका करत राहिले आणि ती रास्तच होती. पण त्याच परवानाराजने त्यांच्या डीलरला ग्राहकाकडे बघायची गरजच उरू दिली नाही, हेही तितकंच खरं.

यादीला वळसा घालायच्या वाटा अर्थात होत्या. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची. आखातात नोकरीला गेलेल्या भावाची किंमत घरात त्यामुळेही वाढायची. दुसरी वाट म्हणजे ज्याचा नंबर लागलाय त्याच्याकडून वरचे पैसे देऊन घेणं, 'ऑनमध्ये' घेणं. हा 'ऑन' शब्द पुढे फ्लॅटच्या व्यवहारात गेला आणि स्कूटरमधून विसरला गेला. लग्नाच्या बोलणीत स्कूटर मागणारे महाभागही होतेच. मुलीच्या बापाने पैसे उभे केले तरी नंबर कुठून उभा करायचा?

महाराष्ट्र सरकारही यात उतरलं होतं, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून १९७५ मध्ये 'महाराष्ट्र स्कूटर्स' काढली, साताऱ्याला. तिथे 'प्रिया' बनायची. तांत्रिकदृष्ट्या ती बजाजच्याच घराण्यातली. तरीही आमच्या नात्यात 'चेतक मिळाली नाही म्हणून प्रिया घेतली' हे वाक्य 'इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही म्हणून बीएस्सी केलं' या चालीवर म्हटलं जायचं.

माझ्या मामांची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आजचं बरंच काही आहे. मामा जिल्हा परिषदेत कारकून. १९७४ ला नाव नोंदवलं, १९८१ ला नंबर लागला. एजन्सीत गेले आणि रंग विचारला. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "आलीये ती घ्या. नको असेल तर पुढच्याला देतो." मामांनी घेतली. पावतीवर गाडीच्या किमतीखाली आणखी चार ओळी होत्या. सीट कव्हर, स्टेपनी कव्हर, साइड कॅरिअर, पुढची जाळी. यातलं काहीही त्यांनी मागितलं नव्हतं. ते काढून द्या म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती, कारण सात वर्षं थांबून मिळालेली वस्तू हातातून जाईल ही भीती. पण मला जास्त लक्षात राहिलंय ते वेगळंच. परत येताना मामा त्या माणसाला पेढे देऊन आले. पैसे यांनी दिले, पेढेही यांनीच दिले! आणि आम्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

इथे एक गोष्ट त्या काळाच्या बाजूनेही नोंदवायला हवी. एजन्सीचा आणि गाडीच्या मालकाचा संबंध त्या पेढ्यांपाशी संपायचा. पुढची पंचवीस वर्षं गाडी सांभाळायचा तो कोपऱ्यावरचा मिस्त्री. चेतक सुरू होत नसेल तर आधी एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची, हे ज्ञान कुठल्याही पुस्तिकेतून आलं नव्हतं. प्लग साफ करणं, केबल बदलणं, कार्बोरेटर खोलणं निम्म्या घरांत व्हायचं. इंजिनकाम निघालं तर मिस्त्री तुमच्या डोळ्यांसमोर, फुटपाथवर, वर्तमानपत्र अंथरून करायचा आणि झिजलेला पार्ट हातात ठेवून सांगायचा, 'हे बघा, हे गेलंय.' म्हणजे विक्रीच्या वेळचा लाचार अर्जदार दुरुस्तीच्या वेळी मात्र पूर्ण गिऱ्हाईक असायचा. एका मिस्त्रीशी जमलं नाही तर दुसरा होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऐंशीच्या दशकात चित्र पालटलं ते कुणाच्या मनपरिवर्तनामुळे नाही. सरकारने परदेशी कंपन्यांशी सहकार्याला दार उघडलं. दोनतीन वर्षांत रांगच लागली. १९८४ मध्ये सुझुकीबरोबरची एएक्स १००, त्याच वर्षी कायनेटिक होंडा, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी-बजाज. कानपूरची एलएमएल वेस्पा घेऊन आली. बजाजनेही औरंगाबादजवळ वाळूजला १९८५ मध्ये नवा कारखाना सुरू केला आणि १९८५-८६ या एकाच वर्षात पाच लाखांवर गाड्या काढल्या. आधी एक लाखाला दहा वर्षं लागली होती, ते आठवा.

मग एक दिवस असा आला की एजन्सीत गाडी उभी आहे आणि घेणारा अजून यायचाय. माझ्या मते आपल्याकडच्या 'कस्टमर सर्व्हिस'चा जन्म त्या दिवशी झाला. पाट्या बदलल्या, 'एजन्सी'चं 'शोरूम' झालं, काचा आल्या, पाणी विचारायला मुलगा आला. हिरो होंडाच्या जाहिरातीचा आशय आठवतोय? पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. मायलेजची जाहिरात म्हणून आपण ती बघितली. पण चेतकला वर्षानुवर्षं कलती करणाऱ्या माणसाला ते 'विसरून जा' सगळ्यात मोठं वाटलं असणार. २००१ पर्यंत हिरो होंडा जगातली सगळ्यात मोठी दुचाकी उत्पादक झाली. ज्या चेतकसाठी दहा वर्षं थांबायचे, तिचं उत्पादन पुढच्या चार-पाच वर्षांत बंद झालं.

बायकांच्या बाबतीत मात्र शोरूम उशिरा शहाणं झालं. कायनेटिक होंडा बटणावर सुरू व्हायची, गिअर नव्हते, आणि शहराशहरांत नोकरदार बायकांनी ती उचलून धरली. तरी काउंटरवरचा माणूस बोलायचा सोबतच्या नवऱ्याशी किंवा भावाशी. पैसे बाई देतेय, मायलेज सांगतोय नवऱ्याला. हिरो होंडाने प्लेजर आणली तेव्हा फक्त महिला कर्मचारी असलेली शोरूम काढावीशी वाटली, यातच बाकीच्या शोरूमची कबुली आली.

आणि कायदा? तिथे एक गंमत आहे. ज्या एमआरटीपी कायद्याने कारखान्यांचे हात बांधले होते, त्याच कायद्यात १९८४ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांविरुद्धची कलमं घातली गेली. म्हणजे ग्राहकाला फसवणं ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे हे आधी तिथे लिहिलं गेलं. मग २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा. त्यामागे आपल्याकडची चळवळ होती हे अभिमानाने सांगावं असं आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. टंचाईच्या ऐन भरात, डालड्यापासून स्कूटरपर्यंत प्रत्येक गोष्टीची रांग असताना, 'ग्राहक राजा आहे' असं म्हणणं तेव्हा लोकांना विनोदी वाटलं असेल. पण त्यांनी म्हटलं.

तर मग आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. कंपन्या भरपूर, गाड्या भरपूर, कायदाही आहे. झालं काय, तर डीलरची कमाई गाडीतून निघून कागदात गेली.

हे समजून घ्यायला डीलरच्या जागी बसावं लागेल. एका ओळखीच्या डीलरने मला मोकळेपणाने हिशोब समजावला होता. शंभर सीसीच्या गाडीवर त्याला सुटतात ते थोडे. त्यातून जागेचं भाडं, पोरांचे पगार, बँकेचं व्याज. शिवाय महिनाअखेरीस कंपनी माल पाठवून देते, विकला जावो न जावो. गाडी कारखान्यातून निघाली की कंपनीच्या दृष्टीने ती विकली गेलेली असते आणि व्याज डीलरच्या डोक्यावर सुरू झालेलं असतं. मग तो भरपाई कुठे करणार? कर्ज देणाऱ्या कंपनीकडून मिळणारा 'पेआउट', इन्शुरन्सचं कमिशन, ॲक्सेसरीज किट, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि ज्याला कशातच बसवता येत नाही ते हँडलिंग. बजाज ऑटो फायनान्स १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हा हप्त्यावर दुचाकी ही सोय होती. आज बऱ्याच शोरूममध्ये रोख पैसे घेऊन गेलात तर समोरच्याचा चेहरा पडतो. माझ्या भाच्याला एका शोरूममध्ये सरळ सांगितलं, "लोनवर घ्या सर, लगेच देतो. कॅशमध्ये वेटिंग आहे." भाचा मला विचारत होता, हे उलटं कसं? उलटं काही नाही. विक्रेत्याला कमाई कशातून आहे ते बघितलं की सुलटं दिसतं.

त्याच भाच्याचं कोटेशन मी घेऊन बसलो होतो. एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज, हँडलिंग, 'इतर'. मामांच्या पावतीवर चार ओळी जास्त होत्या, याच्यावर तीन. पंचेचाळीस वर्षांत एक ओळ कमी झाली म्हणायची.

फरक एवढाच की मामांना नाही म्हणायला जागा नव्हती आणि भाच्याला आहे, फक्त त्याला ती कुणी दाखवत नाही. मोटार वाहन कायद्यात किंवा नियमांत 'हँडलिंग' नावाचं शुल्क कुठेही नाही. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, नव्या दुचाकीला सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. पण तो त्याच काउंटरवर घ्या असं कुठला कायदा म्हणत नाही. उलट विमा नियामकाने २०१७ मध्ये डीलरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ग्राहकावर सक्ती करायला मनाई आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमाप्रमाणे दुचाकी घेताना प्रमाणित हेल्मेट उत्पादकाने द्यायचं असतं. तुमच्यापैकी किती जणांना ते वेगळे पैसे न देता मिळालं? आणि नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, गाडी हातात द्यायचीच नाही असाही नियम आहे. दसऱ्याच्या मुहूर्तावर आपणच हट्ट धरतो आणि हार घातलेली बिननंबरी गाडी घरी आणतो, तो भाग वेगळा.

ग्राहकाचं पारडं एकदम जड झालं, असे दोन दिवस मात्र मी पाहिलेत. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्या विकायच्या नाहीत. वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे तेव्हा देशात अशा सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या शिल्लक होत्या, त्यातल्या पावणेसात लाखांच्या जवळपास दुचाकी. ३० आणि ३१ मार्चला जे झालं ते आठवत असेल. दहा-दहा, वीस-वीस हजार सूट. लोक कार्ड घेऊन धावले, शोरूमबाहेर गर्दी, काही ठिकाणी संध्याकाळीच 'स्टॉक संपला'च्या पाट्या. पण त्या गर्दीत रंग कुणी विचारला का? पावती कुणी वाचली का? हात वर करून 'मला द्या, मला द्या' चाललं होतं. सत्तरच्या दशकातली एजन्सी दोन दिवस परत आली होती, फक्त यावेळी गरज विकणाऱ्याला होती आणि रांगेत तरीही आपणच होतो.

रांगेचं आपल्याला आकर्षणही आहे, हे मान्य करायला हवं. रॉयल एनफिल्डची क्लासिक २००९ मध्ये आली आणि काही वर्षं तिला महिनोन्‌महिने वेटिंग असायचं. लोक ते अभिमानाने सांगायचे. वेटिंग आहे म्हणजे गाडी भारी.

आणि मग जुलै २०२१. ओला इलेक्ट्रिकने ४९९ रुपयांत ऑनलाइन नोंदणी सुरू केली, चोवीस तासांत एक लाख लोकांनी पैसे भरले. १९६० साली २५० रुपये आणि पासबुक, २०२१ मध्ये ४९९ रुपये आणि ओटीपी. इथे डीलरच नव्हता. कंपनी थेट ग्राहकाला विकणार, मधला दलाल नाही, हँडलिंग नाही, 'वेटिंग आहे सर' म्हणणारा नाही. दुकानालाही नवं नाव मिळालं, 'एक्स्पिरियन्स सेंटर'. मला सुरुवातीला ही कल्पना आवडली होती. ज्या काउंटरवर तीन पिढ्या अपमान झाला तो काउंटरच काढून टाकला तर वाईट काय?

विक्रीपुरतं फारसं वाईट नव्हतं. प्रश्न दुरुस्तीचा आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या कंपनीला नोटीस काढली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात १०,६४४ तक्रारी जमल्या होत्या. कंपनीने उत्तर दिलं की ९९.१ टक्के तक्रारी निकाली काढल्या आहेत. प्राधिकरणाचं त्यावर समाधान झालं नाही आणि सविस्तर चौकशी लावली गेली. त्याआधी सप्टेंबरमध्ये कलबुर्गीत एका चिडलेल्या ग्राहकाने शोरूमच पेटवून दिलं होतं. ते कृत्य समर्थनीय नाहीच. पण आपल्या मामांच्या पिढीने सात वर्षं वाट बघूनही एजन्सीला काडी लावली नव्हती, हा फरक कुठून आला याचा विचार मी बरेच दिवस करतोय.

मला वाटतं तो कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा फरक आहे. एजन्सीने मामांना झिडकारलं, पण गाडी बंद पडली की मामांना दुसरं दार होतं. आज बॅटरी, कंट्रोलर, सॉफ्टवेअर यातलं काहीही मिस्त्री उघडू शकत नाही. पार्ट बाजारात मिळत नाही, दोष दाखवणारं यंत्र कंपनीकडेच, आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी जाण्याची भीती. पेट्रोलच्या गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन आल्यापासून याच वाटेने चाललंय. म्हणजे टंचाई गेली नाही, तिने जागा बदलली. पूर्वी गाडीची होती, आता दुरुस्तीची आहे. आणि जिथे टंचाई तिथला काउंटरवाला मान वर करत नाही, मग तो काउंटर काचेचा असो की ॲपमधला. निदान डीलरचं घर गावात असतं. त्याच्या दुकानासमोर चार लोक घेऊन उभं राहता येतं. तो नगरसेवकाच्या ओळखीचा असतो, गणेशोत्सवाला वर्गणी देतो, त्याला गावात तोंड दाखवायचं असतं. चॅटबॉटला कुठे तोंड दाखवायचंय?

२०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी ग्राहक दिनाला, २४ डिसेंबरला, त्याचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन क्षेत्रही आहे. कल्पना अशी की दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांच्या किमती, सर्व्हिस सेंटर हे सगळं कंपन्यांनी उघड मांडावं. पण ते कंपन्यांच्या राजीखुशीवर आहे, सक्तीचा कायदा अजून नाही. माझ्या दृष्टीने आज ग्राहक चळवळीसमोरची खरी लढाई ही आहे. हँडलिंगचे हजार-दोन हजार परत मिळवणं चांगलंच, पण त्यापेक्षा नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला माझी स्कूटर कायदेशीरपणे उघडता येणं जास्त गरजेचं. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तोवर जे हातात आहे ते वापरा. २०१९ चा नवा ग्राहक कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील बंधनकारक नाही. त्याआधी १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे. कोटेशन नेहमी लेखी मागा, प्रत्येक ओळीची वेगळी पावती मागा. सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉब कार्डवर किलोमीटर आणि तक्रारी आपल्या शब्दांत लिहून घ्या, बदललेला जुना पार्ट परत मागा. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी फुकट असते, ऑइल नाही, त्यावरून भांडण काढू नका, तिथे तुम्ही हराल.

एक विनंती. तुमच्या घरात जुन्या ट्रंकेत, आजोबांच्या फायलीत स्कूटरच्या बुकिंगची पावती, पोस्टाचं ते तारण पासबुक किंवा एजन्सीचं 'आपला नंबर अमुक' असं पत्र असेल तर त्याचा फोटो खाली टाका. शक्य असेल तर नोंदवल्याची आणि मिळाल्याची दोन्ही वर्षं लिहा, आणि गाडीबरोबर काय काय गळ्यात मारलं तेही. मामांची पावती मी स्कॅन केलीये, पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय. नाव-पत्ता तेवढा झाकलाय.